संध्याकाळचे अठ्ठ्याण्णव

आक्का, आधी माफी मागते. माझं अक्षर तुम्ही पाहिलेलं आहे. वेलांटी कुठं पहिली, कुठं दुसरी, ते मला चौथीपर्यंत कळलं नाही आणि चौथीनंतर शाळा सुटली. तुम्ही सातवी शिकलेल्या. माझी किराण्याची यादी हातात घेतली की म्हणायच्या, "वैनी, ह्यो कागद दुकानदाराला दावू नको, करणी केली म्हणून लिंबू उतरवील तो." म्हणून हे कुणाला दाखवायचं नाही. माझ्या लेकीच्या, मनीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. चुकेल तिथं समजून घ्या.

तुम्ही जाऊन एक महिना नऊ दिवस झाले.

मी दमले आहे. लोकांना वाटतं रडून दमली. रडायला वेळ मिळाला नाही, आक्का. ढाब्याच्या दीडशे भाकरी रोज जातातच. तुम्ही थापायच्या, मी भाजायची, मधे चूल. आता थापायची मीच आणि भाजायची मीच. दुसरी थापेपर्यंत पहिलीला डाग पडतात. मालक परवा म्हणाला, "वैनी, भाकर पहिल्यासारखी न्हाई राहिली." मी मान हलवली. तुम्ही असता तर त्याला दोन शब्द ऐकवले असते. माझ्या वाटचं बोलायचं काम अठरा वर्षं तुम्हीच केलं.

तुमच्या भावाशी लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा तुम्ही सासर सोडून माहेरी आलेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मी तुमचा घोळणा फुटलेला पाहिला. परातीवर वाकलेल्या होता आणि नाकातून धार लागली. मी घाबरून उभीच राहिले. तुम्ही पदर नाकाला लावून मान खाली घातली आणि म्हणाल्या, "बघतीस काय, कांदा फोड." सासऱ्यांचा फुटायचा, त्यांच्या आईचा फुटायचा. आमच्या घरात उष्णता आहे, एवढंच सगळे म्हणायचे. दूर्वांचा रस, डोक्यावर गार पाणी, हुंगायला कांदा. तुमच्या ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर लाल ठिपके होते, टाचणीनं टोचल्यासारखे. ते मिश्रीनं झाले असं मी धरून चालले होते.

एकदा ढाब्याच्या पिठात थेंब पडला. तुम्ही सगळं पीठ बाजूला काढलं, जनावरालासुद्धा घातलं नाही. पाच किलो पीठ गेलं म्हणून मालक चिडला. तुम्ही त्याला म्हणालात, "मालक, गिऱ्हाइकाला लोहाची गोळी फुकट मिळाली असती, मीच पाप नको म्हणलं." तो हसला आणि त्यानं पिठाचे पैसे कापले नाहीत. मी तव्याकडं तोंड करून हसले. आज ते आठवलं आणि हसू आलं, मग थोडा वेळ चुलीपाशी तशीच बसून राहिले.

रक्त इतकं कमी झालं की तुम्हाला अंबाजोगाईला न्यावं लागलं. बाटली लावली. तिथं ती डॉक्टर मॅडम आली, बारीक चणीची, चष्मा लावणारी. तिनं तुमचा ओठ अंगठ्यानं उलटा करून पाहिला आणि विचारलं, "घरात आणखी कुणाच्या नाकातून रक्त येतं?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मग फोटो काढले. तुमच्या फुप्फुसात एक वाट चुकीची निघाली. रक्त तिथून हवा न घेताच परत जातं, म्हणून धाप लागते, म्हणून नखं निळी. दुखणं जन्मापासूनचं आणि घराण्याचं. मॅडम त्यावरच अभ्यास करत होती. तिनं आपल्याला बाकड्यावर बसवून सांगितलं होतं, "या घरातल्या माणसांच्या रक्ताच्या नळ्या मुळात नाजूक. मला असं वाटतं की अंगात हवा कमी पडली की शरीर आणखी नळ्या काढायला बघतं, आणि त्याही तशाच वेड्यावाकड्या निघतात. हे खरं आहे का, तेच मला शोधायचं आहे."

तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे आमच्या गावासारखं. पाणी न्हाई म्हणून बोअर पाडायचं, अन् बोअर पाडलं म्हणून पाणी आणखी खाली."

मॅडम तुमच्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगीन."

"सांगा की. फी घेऊ नका मातर."

तिनं बोटाला लावायचं चिमट्यासारखं मशीन दिलं आणि एक वही. रक्तात हवा किती, तो आकडा सकाळ-संध्याकाळ लिहायचा; पंच्याण्णवच्या वर म्हणजे ठीक. लिहिणाऱ्याला महिन्याला तीनशे रुपये. वही कोण लिहील, विचारल्यावर तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला. "ही लिहील. लाजाळू हाय, तुमच्याशी बोलायची न्हाई. पर आकडा चुकायची न्हाई."

आक्का, आता जे लिहिणार आहे ते तुम्हाला तोंडानं सांगायचं राहून गेलं.

सकाळी आपण दोघी उंबऱ्यावर शेजारी बसायचो. मी मशीन तुमच्या बोटाला लावायची आणि आकडा लिहायची. पंच्याऐंशी, शहाऐंशी, कधी अठ्ठ्याऐंशी. संध्याकाळी भाकरी चालू असायच्या. मधे पाणी प्यायला थांबलो की तुम्ही बोटाचं पीठ पुसून चुलीवरून हात पुढं करायच्या. मी समोर बसलेली असायची, तिथूनच वाचायची. संध्याकाळी अठ्ठ्याण्णव यायचे.

मशीनवरचे आकडे इंग्रजी, घड्याळात असतात तसे काड्याकाड्यांचे. आठ उलटा केला तरी आठच राहतो. सहा उलटा केला की नऊ होतो. तुमच्याकडून शहाऐंशी दिसायचे, ते माझ्याकडून अठ्ठ्याण्णव दिसायचे. आकड्याच्या वर इंग्रजी अक्षरं असतात. ती ज्याला वाचता येतात त्याला मशीन उलटं आहे हे लगेच कळलं असतं. मला ती सुलटीही तशीच आणि उलटीही तशीच. कधी आकड्यात खुर्चीसारखं काहीतरी दिसायचं. कधी अडुसष्ट यायचे. तेव्हा मला वाटायचं, पिठामुळं मशीन बिघडलं. मग पुसून परत लावायची, नीट आकडा येईपर्यंत. नीट म्हणजे अठ्ठ्याण्णव. आठ महिने मी ते मन लावून लिहिले, खाली रेघ मारून.

मॅडम म्हणत होती पुण्याला जा. मांडीच्या शिरेतून तार घालून ती चुकीची वाट बुजवतात, तीन-चार दिवसांत माणूस घरी येतो. योजनेत बसवून देते, असंही म्हणाली. तुम्ही म्हणायच्या, "भाकरी कोण थापंल? अन् मला सकाळी जरा जड जातंय इतकंच. अंग गार असतंय सकाळी. संध्याकाळी बघ की, अठ्ठ्याण्णव. तूच लिवलंस न्हवं?"

मी म्हणायची, "आक्का, धाप तर संध्याकाळीच जास्त लागते तुम्हाला. फुंकणी फुंकवत नाही."

"धूर हाय बाई तो. धुराला काय पुण्याला न्यायचं?"

हे भांडण आपण कितीदा केलं असेल. मी घरात फक्त तुमच्याशी भांडायची. शेवटच्या दिवशीही झालं. तुम्ही म्हणालात, "वैनी, हिशोबाची वही हाय ना तुझ्याकडं? मग वहीत बघ, माझ्या तोंडाकडं कावून बघतीस?" मी रागानं तवा आपटला आणि बोलले नाही. मी बोलले नाही की तुम्ही जिंकल्या, असं आपलं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी परातीत पाणी ओतताना तुमचा हात खाली आला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

अंबाजोगाईला नेलं. खाटेच्या पायथ्याशी मी उभी होते. नर्सनं तुमच्या बोटाला मशीन लावलं, आपल्यासारखंच. मी वाकून पाहिलं, अठ्ठ्याण्णव. इतकं बरं वाटलं की मी आपणहून नर्सशी बोलले. "ताई, अठ्ठ्याण्णव आहे ना? मग घाबरायचं काही नाही ना?"

तिनं वळून पाहिलं. "मावशी, शहाऐंशी आहे ते. इकडं या." आणि मला खांद्याला धरून तुमच्या उशाशी नेलं.

मी उशाकडून पाहिलं. मग परत पायथ्याशी गेले आणि पाहिलं. नर्सला वाटलं बाईचं डोकं फिरलं. तुमचा डावा डोळा उघडा होता, माझ्याकडं होता. तुम्हाला कळत होतं की नाही, मला माहीत नाही.  तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मॅडम म्हणाली, फुप्फुसातल्या त्याच वाटेनं गुठळी डोक्यात गेली.

आता एक विचारते. तुम्ही असता तर विचारलं नसतं.

मशीन तुमच्या बोटाला होतं. आकडा तुमच्याकडं तोंड करून होता. तुम्ही सातवी शिकलेल्या, एसटीची पाटी लांबून वाचायच्या. आठ महिने रोज संध्याकाळी मी अठ्ठ्याण्णव म्हणायची आणि तुम्ही "लिही" म्हणायच्या. तुम्हाला शहाऐंशी दिसत नव्हते का? चुलीचा धूर होता, तुम्ही बघतच नव्हता, असं मी रोज मनाला सांगते. रोज थोडा वेळ ते पटतं. मग आठवतं की मी "किती दिसतंय बघा बरं" म्हटलं की तुम्ही दुसरा हात मशीनवर ठेवून म्हणायच्या, "तुझा आकडा तूच वाच, वही कुणाची हाय?"

तुम्हाला सुईची भीती होती. पुण्याची भीती होती. मनीच्या शाळेचा खर्च भाकरीतून जात होता, तो थांबेल ही सगळ्यात मोठी. माहीत असून तुम्ही माझ्या हातून खोटं लिहून घेतलं असेल, तर मला तुमचा राग येतो. माहीत नसेल, तर दोष सगळा माझा. यातलं कोणतं खरं असावं, हेही मला ठरवता येत नाही. राग येतो तेव्हा तुमचं लुगडं घडी घालून ट्रंकेत ठेवते. दुसऱ्या दिवशी काढून उशाला घेते.

पाचव्या दिवशी मॅडमचा फोन आला. तुमच्यासाठी वाईट वाटलं म्हणाली, आवाजही बसलेला होता. मग म्हणाली, "वही सांभाळून ठेवा. सकाळी कमी आणि संध्याकाळी एवढं बरं, असं मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. दोन महिने मी त्याचाच विचार करते आहे. ते मला लिहायचं आहे." मी फोन यांच्या हातात दिला.

तीन दिवस मी गप्प राहिले. गप्प राहणं मला सोपं असतं. कुणाला कळलं नसतं, आक्का. वही माझी, मशीन माझं, तुम्ही नाही. पण मनी आरशासमोर वेणी घालत होती आणि तिच्या खालच्या ओठावर मला दोन लाल ठिपके दिसले. ती तेरा वर्षांची आहे. मॅडम जे शोधते आहे ते या पोरीसाठी आहे, आणि माझ्या वहीनं मॅडमला चुकीच्या गावाला पाठवलं आहे. मी मनीला फोन लावून द्यायला सांगितला आणि मागच्या दारी गेले.

मी म्हणाले, "मॅडम, संध्याकाळचे आकडे खोटे आहेत. मी समोरून वाचले. उलटे."

 मग तिनं विचारलं, "रोज समोरच बसायच्या?"

"हो. भाकरीमुळं."

"आणि सकाळी?"

"सकाळी शेजारी."

"मग सकाळचे खरे आहेत," ती म्हणाली. "अर्धी वही खरी आहे." रागावली नाही. दमलेली वाटली, माझ्यासारखीच. म्हणाली, मशीन देताना कुठं बसून वाचायचं ते मीच दाखवायला पाहिजे होतं.

मी विचारलं, "खरं लिहिलं असतं तर आक्का वाचल्या असत्या का?"

"माहीत नाही. सकाळचे आकडे पाहूनच मी पुण्याला जा म्हणत होते. पण संध्याकाळचे पाहिले की माझा आवाज कमी व्हायचा, एवढं खरं."

तिनं खोटा धीर दिला नाही. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मग मी पैशांचं बोलले. आठ महिन्यांचे चोवीसशे मी घेतले होते. खोट्या आकड्यांचे पैसे मला नको होते. ती म्हणाली, ते परत घ्यायची सोय तिच्याकडं नाही, आणि ते कष्टाचे आहेत. मी म्हणाले, "नाही. ते ठेवून घेतले तर मला झोप लागणार नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणा शिकलेल्या माणसाला नाही म्हणाले. तुम्ही ऐकायला हव्या होता. ती म्हणाली, "तुमच्या सासरची रक्ताची माणसं तपासायला आणायची आहेत. त्यांच्या तिकिटाला माझ्याकडं पैसे मंजूर नाहीत. तेवढं तुम्ही करा."

रक्ताची माणसं कुठं शोधत फिरायची? तुमच्या तेराव्याला ती सगळी आपल्याच अंगणात येणार होती.

तेराव्याला पत्रावळ्या मांडल्या होत्या. पहिली पंगत पुरुषांची. मी डोक्यावर पदर घेतला, मशीन हातात घेतलं आणि चुलत सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले. शेजारी, समोर नाही. 

"मामा, बोट द्या."

"आँ? सूनबाई, जेवायला बसलो का तपासायला?"

"आधी बोट, मग भात."

पंगतीत कुणीतरी म्हणालं, "आक्का गेली अन् तिची जीभ हिला देऊन गेली." सगळे हसले. तुमच्या तेराव्याला माणसं हसली, तुम्हाला ते आवडलं असतं. मी एकेकाच्या शेजारी बसत गेले. दोन पंगती होईपर्यंत माझा स्वतःचा घास राहिला. ज्याच्या ओठावर ठिपके दिसले, त्याला विचारलं, घोळणा फुटतो का. सात जण हो म्हणाले. तिघांचा आकडा नव्वदच्या खाली होता. आष्टीकडचे चुलत भावजी दरसाल ऊस तोडायला जातात. त्यांचे चौऱ्याऐंशी. म्हणाले, "मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढलं की डोळ्यापुढं अंधारी येती. मला वाटलं वय झालं." ते अडतीस वर्षांचे आहेत. मनीचे सत्त्याण्णव आले. मी उठून दुसऱ्या बाजूनं पाहिलं, मग परत शेजारी बसून पाहिलं. सत्त्याण्णवच.

तुमच्या भावानं बोट दिलं नाही. "आमची उष्णता हाय," म्हणाले आणि पाणी वाढायला निघून गेले.

पैसे तर कधीच खर्च झालेले होते. भाकरीतून परत साठवले तसे लोकांना नेत गेले. आधी आष्टीकडचे भावजी आणि त्यांची मुलगी. लांबचा पल्ला, त्यातच खूप गेले. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून पुढच्या वेळी तीन आत्याबाई एकदम नेल्या. त्या गाडीभर बोलत होत्या, मी खिडकीकडं बघत होते. माझं स्वतःचं तिकीट मी त्यात धरलं नाही, मनीचंही नाही. मॅडमनं सगळ्यांचं रक्त घेतलं, फोटो काढले. भावजींच्या फुप्फुसात तुमच्यासारखीच वाट निघाली. ते पुण्याला जायला तयार झाले. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली होती, उलट्या आकड्यासकट.

शेवटी एकशे साठ रुपये उरले. आणि माणूस एकच उरला होता.

काल सकाळी तुमच्या भावाच्या नाकातून रक्त आलं. ते गोठ्यामागं जाऊन धूत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. म्हणाले, "मनीला सांगू नको." मी म्हणाले, "मनीसाठीच चला."  थोड्या वेळानं धुतलेला सदरा घालून फाट्यावर जाऊन उभे राहिले. ढाब्यावर मी निरोप पाठवला की आज भाकरी नाहीत.

रक्त देताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तुमचा भाऊच तो. मॅडमनं त्यांचं नाव तिच्या कागदावर तुमच्या नावाच्या खाली लिहिलं आणि मधे एक रेघ ओढली. तिचा अभ्यास अजून पुरा झालेला नाही. किती दिवस लागतील, तिलाही सांगता येत नाही. माझी वही तिनं ठेवून घेतली आहे. संध्याकाळच्या रकान्यावर आडवी काट मारून खाली कारण लिहिलं आहे, माझं नाव न घालता.

परतीच्या गाडीत कंडक्टर आला. जाताना ऐंशी गेले होते, ऐंशी हातात होते. यांचं पूर्ण तिकीट, ऐंशी. माझं अर्धं मी कनवटीचं वेगळं दिलं. चोवीसशे झाले, आक्का. सगळे फिटले.